नवीन फोल्डर (३)

१७ नोव्हें., सोम.
कम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं अन् दारात शोभाताई. इंदूबाईंची मुलगी. दिवाळीच्या आधी बाईंना झटका आला, त्यानंतर आजच भेटली. पार वाळली आहे.

म्हणाली, "आईचा उजवा हात अजून हलत नाई. अन् डावा ती हलवत नाई."

मला समजायला वेळ लागला. इंदूबाई जन्मापासून बहिऱ्या. कर्णबधिर शाळेत पोरं शिकवण्यात हयात गेली. त्यांचं बोलणं म्हणजे हात. डाव्या हाताने खुणा करून पाहा म्हटलं की मान फिरवतात. दिवाळीपासून घरात एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात डोकं शाबूत आहे, डावा हात ठणठणीत आहे, बोलायचं मनच नाही तर आम्ही काय करणार.

शोभाताईला बाईंचे व्हिडिओ हवेत. रिटायर झाल्यावरही बाई शाळेत येऊन बसायच्या आणि आजवर ज्यांची-ज्यांची खुणेतली नावं ठेवली ती कॅमेऱ्यासमोर एकेक करून ठेवायच्या. "तिचेच हात तिले दाखवून पाहतो. मंग कदाचित..."

मी ऐटीत सांगितलं, ओसरीवर असतील, चहा होईस्तोवर काढून देते. ओसरी म्हणजे शाळेची कम्प्युटरवरची सामायिक जागा. तिथे सगळंच असतं, अमरावती-अकोला दोन्ही शाखांच्या फाइली, सूचना, गप्पा, भांडणं. नाव मुख्याध्यापक सरांनी ठेवलं, देखभाल माझ्या गळ्यात.

चहा झाला. व्हिडिओ नाहीत. कचरापेटीतही नाहीत. शाळेच्या फोनमधले तर ओसरीवर टाकले की लगेच पुसतात, जागा नसते म्हणून. शोभाताई उठली. कप विसळून ठेवून गेली. मला लय वाईट वाटलं.

१८ नोव्हें., मंगळ.
चोर सापडला. अकोल्याचे लिपिक गजूभाऊ. फोनवर म्हणाले,
"ताई, दिवाळीची सफाई केली ना. जागा भरली, जागा भरली म्हणून तुमचंच मशीन बोंबलून राहिलं होतं."
"काय काय पुसलं?"
"ज्याले नाव नाई ते. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर दोन', तीन... जे कोनाचं नाई ते कचरा, असं धरलं."
"अन् कचरापेटी?"
"थेही रिकामी केली. घर झाडून केर कोपऱ्यात ठेवते काय कोनी?"

बिनतोड. रागावू कशी? शोभाताईला विचारलं तर बाईंचे व्हिडिओ 'नवीन फोल्डर (३)' मध्येच होते. सगळ्यांची नावं ज्यात, त्या फोल्डरला नाव द्यायचं कोणाला सुचलं नाही.

इथल्या रोजच्या बॅकअपमध्ये पाहिलं. महिनाभराच्या प्रती राहतात, त्याआधीची आपोआप जाते. सफाई होऊन महिन्याच्या वर झालं. थोडक्यात हुकलं. शोभाताई आठवडाभर आधी आली असती तर... जाऊ दे, नवरा उशिरा उगवला की मीही रोज असंच काही म्हणत असते.

२० नोव्हें., गुरू.
सकाळी गाडीवर गिला वडा खाताना आठवलं. अकोल्याचं मशीन. इथल्या बॅकअपची जोडप्रत तिथे जाते, वाचनालयातल्या कोपऱ्यात एक काळा डबा आहे तो. त्याचा रोजचा निरोप गजूभाऊंच्या मेलवर जातो अन् गजूभाऊ मेल उघडत नाहीत.

तिथूनच मोबाइलवर पाहिलं तर डबा बंद. दसऱ्यापासून बंद. डोकंच तापलं. फोन लावला.

"गजूभाऊ, डबा बंद काहून आहे?"
"पूजा मांडली होती ना ताई. दसऱ्याले समदे कम्प्युटर बंद करून हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. डब्यावर नारळ ठेवला."
"मग दुसऱ्या दिवशी चालू करायचा."
"उत्तरपूजा कोनी केली नाई! सर म्हने सकाळी मी करतो. सकाळी सर सासूरवाडीले गेले, मंग कोजागिरी, मंग दिवाळी. बाकीचे कम्प्युटर बायायनं चालू केले, त्याईले कामं होती. पन नारळ तर डब्यावर. मांडलेल्या पूजेले मी कसा हात लावू?"

चार शब्द सुनवणार होते. तेवढ्यात लक्षात आलं. डबा दसऱ्याला झोपला. सफाई दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी झाली. म्हणजे डब्याला सफाई झालेली माहीतच नाही. त्याच्या पोटात अजून दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ओसरी आहे.

तिकडे गजूभाऊ घाबरले. "रागावू नोका ताई. हा पाहा, आत्ता चालू करतो. नारळ काढला..."

"हात लावू नका," असं मी ओरडले की वडेवाल्याने झारा खाली ठेवला. डबा चालू झाला की पहिलं काम म्हणजे इथल्याशी ताळमेळ. इथे जे नाही ते तिथूनही पुसणार. तो त्याचा धर्मच आहे.

"नाई लावत," गजूभाऊ म्हणाले. "नारळ परत ठेवू का?"
ठेवा म्हटलं.

२१ नोव्हें., शुक्र.
बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोला. मूर्तिजापूरपर्यंत उभी. खिडकीतून दोन्ही बाजूला कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया. मन मात्र डब्यात.

डबा खरंच पूजेत. झेंडू वाळून काळा पडलेला, हळद पंख्याच्या जाळीत. आधी मागची नेटवर्कची वायर उपटली. आता चालू केला तरी अमरावतीशी बोलता येणार नाही. मग कुठे बसले.

गजूभाऊ म्हणाले, "आता तरी उत्तरपूजा करू द्या." केली. अक्षता वाहिल्या, हात जोडले, 'पुनरागमनाय च' म्हणाले. देवाला म्हणायचं ते डब्याला. मीही हात जोडले, गरज मलाच होती.

डबा घरघरला आणि उठला. आतलं सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घ्यायला दुपार गेली. तोवर गजूभाऊंनी नारळ फोडला. आत सुकून खोबऱ्याचा गोटा झालेला. गुळासंगं खाल्ला. जाताना विचारत होते, "इंदूबाईचं काय होतं त्याच्यात?" सांगितलं. खाली बसले एकदम. म्हणाले, "मले वाटलं कोनाचं नाई." स्टेशनपर्यंत सोडायला आले, नको म्हटलं तरी.

२२ नोव्हें., शनि.
आता खरी गंमत. डब्यातल्या फाइलींना नावंच नाहीत. नुसते आकडे, लांबच लांब. ओसरी फाइल ठेवते आकड्याने, आणि कोणता आकडा कोणाचा, कोणत्या फोल्डरातला, ते वेगळ्या जागी टिपून ठेवते. ती टिपणंही बॅकअपमध्ये आहेत, पण ती वाचायला आख्खी ओसरी उभी करावी लागते. एका व्हिडिओसाठी आख्खी ओसरी.

सर म्हणाले, "मग दसऱ्याची ओसरी जशीच्या तशी वर चढवून टाका ना. झंझटच नको."
"सर, मग दसऱ्यानंतरचं सगळं जाईल. सहामाहीचे मार्क, सगळ्यांच्या रजा."
सर लगेच म्हणाले, सावकाश करा.

घरी जुना लॅपटॉप आहे, त्याच्यावर दुसरी ओसरी उभी करायची. कोणाशी जोडायची नाही. तिच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवसाची टिपणं भरायची, तिला विचारायचं, अन् पाहिजे तेवढंच हाताने उचलायचं. वाचून माहीत होतं, कधी केलं नव्हतं. रात्री स्वयंपाकाला बुट्टी. नवऱ्याने खिचडी टाकली, करपवली.

२३ नोव्हें., रवि.
उभी राहिली! लॅपटॉपवर दसऱ्याआधीची ओसरी. अजब वाटतं. सरांची 'उद्या सर्वांनी पारंपरिक वेशात यावे' ही सूचना सगळ्यात वर. इंदूबाईंच्या नावापुढे हिरवा ठिपका. मी बराच वेळ त्या ठिपक्याकडेच पाहत बसले.

'नवीन फोल्डर (३)' शोधलं तर ढीगभर. सगळ्यांचाच एकेक. हेडक्लार्कच्या (३) मध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो. बाईंनी टाकलेलं तेवढंच दाखव म्हटल्यावर एक उरला. त्यातला पहिला आकडा उचलला, डिस्कवर तो आकडा शोधला, उघडला.

इंदूबाई. निळं पातळ, उजव्या मनगटात घड्याळ, मागे शाळेची भिंत. आधी बोटांनी अक्षरं जुळवून पोरीचं खरं नाव, मग खूण. वेणीचं टोक ओठाशी. ही पोरगी वेणी चघळायची, म्हणून ते तिचं नाव. ती आता दोन लेकरांची आई असेल, पण नाव वेणीचंच. पुढचा संत्र्यांच्या वरूडचा पोरगा, त्याचं नाव म्हणजे बोटांनी संत्रं सोलणं. सर म्हणजे चष्मा वर सरकवणं, दोनदा. गजूभाऊ म्हणजे कंबरेला किल्ल्या खुळखुळवणं, चेहरा मुद्दाम गंभीर. किती तंतोतंत.

ऐकू येणाऱ्यांना हे नाव मागता येत नाही, म्हणे. बहिऱ्या माणसाने पाहून-पारखून ठेवायचं असतं. मला इतकी वर्षं शाळेत जाऊन नाही मिळालं. मी कधी विचारलंही नाही. आज मात्र राहून-राहून मनात येत होतं.

२५ नोव्हें., मंगळ.
संध्याकाळी बाईंच्या घरी. बाई खुर्चीत, उजवा हात उशीवर. मला पाहून मान हलवली, हसल्या नाहीत.

शोभाताईने व्हिडिओ लावला. बाईंनी पाहिला. आपला उजवा हात पडद्यावर चालताना पाहिला, मग उशीवरचा पाहिला, मग खिडकीकडे तोंड केलं. शोभाताई स्वयंपाकघरात गेली ती येईचना. मला वाटलं, बावा, आपण चूकच केली. बंद गाडीवाल्याला दुसऱ्याची पळती गाडी दाखवल्यासारखं.

परत येताना स्कूटीवर डोक्यात तेच. शोभाताई गेटपाशी बोलली होती, "उजव्याचं डाव्यानं कसं करायचं, ते उलटं तिच्या डोक्यात बसत नाई. पोरायले शिकवताना ती म्हनायची, समोरचा हात म्हनजे आरसा नोय."

आरसा.

२६ नोव्हें., बुध.
व्हिडिओ आडवा उलटा करायला एक बटण पुरतं. उजवं ते डावं. मूळ फाइल तशीच ठेवली, आधीच एकदा जीव टांगणीला लागला आहे. सगळे उलटे करून शोभाताईला पाठवले. काही लिहिलं नाही सोबत.

२७ नोव्हें., गुरू.
शोभाताईचा फोन. रडत होती की हसत होती, कळेना. बाईंनी पाहिलं, आणि आधी त्यांना घड्याळ दिसलं. भलत्याच मनगटात. ते बोट करून दाखवायला लागल्या, चिडून, की हे चुकलंय. डाव्या हाताने दाखवत होत्या. मग पाहतच राहिल्या. मग डावा हात कंबरेशी नेला अन् किल्ल्या खुळखुळवल्या.

दिवाळीनंतरचा पहिला शब्द गजूभाऊ. त्यांना फोन केला. पलीकडे नुसतं नाक ओढणं. मग म्हणाले, "मी तिचं समदं पुसलं, अन् तिनं माझंच नाव घेतलं काय." पुढच्या आठवड्यात भेटायला येऊन राहिले आहेत, खोबऱ्याच्या वड्या घेऊन.

२८ नोव्हें., शुक्र.
परत आणलेले व्हिडिओ ओसरीवर चढवत होते. फोल्डरला नाव दिलं, 'इंदूबाईंनी ठेवलेली नावं'. गजूभाऊंचा हात लागणार नाही असं कुलूपही लावलं. मग सहज आजच्या ओसरीवर बाईंच्या जुन्या गप्पा वर सरकवून पाहिल्या. गप्पा पुसल्या गेलेल्या नाहीत, फक्त फाइली.

कोजागिरीच्या दिवशीचा त्यांचा निरोप: "आज संगणकवालीचं नाव केलं. बरेच दिवस पाहत होते तिला." खाली व्हिडिओच्या जागी करडा चौकोन. फाइल सापडत नाही.

संगणकवाली मीच. दुसरी कोण.

कोजागिरी दसऱ्यानंतर. डबा तेव्हा नारळाखाली. इथली प्रत महिना उलटून गेली. म्हणजे कुठेही नाही. सगळ्यांची परत आणली, माझंच तेवढं गेलं. हसू आलं आधी. मग नाही आलं.

३० नोव्हें., रवि.
बाईंकडे गेले. विचारायचं नाही असं जिन्यात ठरवलं होतं. बाई आज बोलत होत्या. हळू, अडखळत, डाव्या हाताने, मधेच चिडून हात झटकत. शोभाताई सांगत होती, मला थोडं-थोडं आपलं-आपलंही कळत होतं. जेवणात मीठ कमी असतं म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

राहवलं नाही. माझ्या तुटपुंज्या खुणांनी विचारलं, माझं नाव काय ठेवलंत?

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. डावा हात वर आला, बोटं काहीतरी पकडल्यासारखी झाली, अन् थांबली. उशीवरच्या हाताकडे पाहिलं. मग शोभाताईला काहीतरी म्हणाल्या.

शोभाताई म्हणाली, "तुझ्या नावाले दोन हात लागतात म्हने."

मी खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि माझा उजवा हात त्यांच्या उजव्याच्या जागी उशीजवळ पुढे केला. बाई जरा विचारात पडल्या. मग डाव्या हाताने माझी बोटं एकेक वळवायला लागल्या. अंगठा आत. नाही, बाहेर. तळवा वर. आपला डावा हात त्याच्याजवळ आणून पाहिला, मान हलवली, नाही. पुन्हा पहिल्यापासून.

दिवेलागण होऊन गेली तरी जमलं नव्हतं. करंगळीपाशी अडलं आहे. बाई म्हणतात माझा हात ताठ आहे.