अंजलीचा ब्लाउज आणि शालकमहाशयांचं लिनक्स

नाशिक रोड,
ढगाळ मंगळवार

पुणेनिवासी संगणकमार्तंड, आमचे एकुलते एक शालकमहाशय चि. रविराज यांस दाजींचे पोटभर आशीर्वाद.

तब्येत कशी आहे? मान, पाठ, डोळे ठीक ना? मीटिंगांचा फार त्रास होत नसेल अशी आशा करतो. आमचं विचारशील तर आम्ही दोघंही धडधाकट आहोत, आणि त्यात तुझा काडीचाही हात नाही. हे पत्र हाताने लिहिलेलं पाहून नवल वाटेल. टाइप करून छापलं असतं, पण तू सुचवलेलं लिनक्स आमच्या प्रिंटरला ओळखच दाखवत नाही. (प्रिंटर या घरात कितीतरी वर्षं आहे, लिनक्स आत्ता आलंय. तरी तोरा बघ कोणाचा!) फोन केला असता, पण तू मीटिंगमध्ये असतोस.

भाऊबीजेला तू आलास, ओवाळून घेतलंस, करंज्या संपवल्यास आणि ताईच्या कॉम्प्युटरसमोर बसून मोठ्या डॉक्टरासारखा चेहरा केलास. म्हणालास, याच्यावर नवीन विंडोज चालणार नाही, जुन्याला आता कोणी विचारणार नाही. (वाक्य कॉम्प्युटरबद्दल होतं, पण तू बघत माझ्याकडे होतास. नुकताच रिटायर झालेला माणूस असल्या गोष्टी विसरत नाही.) मग उपाय सांगितलास. दुसरी ड्राइव्ह बसवायची, तिच्यावर लिनक्स टाकायचं, पहिलीवरच्या विंडोजला हातही लावायचा नाही. एकाच घरात दोन बिऱ्हाडं, सकाळी कोणाचं दार उघडायचं ते आपण ठरवायचं. "दाजी, चहा पिऊन होईपर्यंत काम होतं," असं म्हणालास आणि चहा न पिता पुण्याला निघून गेलास.

आता मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये हयात घालवलेला माणूस. तिथे चुकीचं बटण दाबलं असतं तर अर्ध्या जिल्ह्यात अंधार झाला असता. मी ते कधी दाबलं नाही. तेव्हा घरच्या डब्याला काय घाबरायचं? नवी ड्राइव्ह आणली, झाकण उघडलं, आतली धूळ ताईच्या नव्या पडद्यावर झटकली (हे तिला अजून माहीत नाही), आणि बंद पडलेल्या सीडी ड्राइव्हची वायर काढून नव्या ड्राइव्हला जोडली. पुढे लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवायचं होतं. घरात पेन ड्राइव्ह एकच, ताईचा. तिच्या भरतकामाच्या मशीनला कॉम्प्युटरवर केलेली नक्षी याच पेन ड्राइव्हवरून पोचते. स्क्रीननं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी म्हटलं, चालेल. त्या क्षणी मला खरंच चालत होतं. मूळ नक्षी कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहे, असा माझा समज होता.

मग लिनक्सनं विचारलं, कुठे राहायचं? समोर दोन ड्राइव्ह, दोन्ही सारख्याच आकाराच्या, नावं अशी की ज्योतिष्यानं राशीचं अक्षर काढून द्यावं. तुला फोन केला. मीटिंग. मेसेज केला. तुझं उत्तर आलं, "दुसरी निवडा." अरे, दुसरी म्हणजे यादीतली दुसरी, की आयुष्यात दुसरी आलेली? मी मनाशी कुलदैवताचं नाव घेतलं आणि यादीतली दुसरी निवडली.

लिनक्स आलं. देखणं आहे, खोटं कशाला बोलू? पण कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर पुन्हा लिनक्स. परत केलं, परत लिनक्स. विंडोजचं नाव कुठेच नाही. दोन बिऱ्हाडांपैकी एक सामानसुमानासकट गायब. आणि त्या सामानात अंजलीच्या लग्नाच्या ब्लाउजची नक्षी होती. अंजली म्हणजे ओझरच्या निकमांची मुलगी, तुझ्या ताईचं पहिलं गिऱ्हाईक. फ्रॉकवर बदक काढून घ्यायला यायची तेव्हापासूनची. तिच्या लग्नासाठी ताईनं पाठीवर मोरांची जोडी काढली होती, दिवाळीच्या आधीपासून एकेक पीस रंगवत. मी खुर्चीत बसून राहिलो. मग झाकण उघडून आत विंडोज शोधलं, रविराज. ही चेष्टा नाही.

ताईनं विचारलं, कॉम्प्युटर का चालू नाही? मी म्हटलं, अपडेट चालू आहे. दोन दिवस ती हे मानत राहिली, यावरून त्या विंडोजची आजवरची कीर्ती लक्षात घे. तिसऱ्या दिवशी मागे येऊन उभी राहिली. "हे कोणतं? माझं कुठे गेलं?" ती ओरडली नाही. शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मोर परत काढायला तेवढे दिवस नाहीत हो आता." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हाच साहेबांची मीटिंग सुटली आणि तुझा मेसेज आला, "चालू करताना एफ-बारा दाबत राहा, जुनी ड्राइव्ह निवडा." दाबलं. विंडोज हजर! मोर हजर, पिसं हजर. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी लगेच म्हटलं, मला माहीतच होतं. हे एवढं मूल्यवान वाक्य तू ती ड्राइव्ह बसवायच्या आधी का सांगितलं नाहीस, हा प्रश्न मी विचारणार नाही. पुण्यात कामं असतात.

इथे गोष्ट संपली असती तर तुला मी पेढे पाठवले असते. पण तुझ्या लिनक्सनं जाता जाता घड्याळालाही हात लावला होता. ते आत लंडनची वेळ लिहून ठेवतं, आणि बिचारं विंडोज ती आपलीच समजतं. (हे तू नंतर हसत हसत सांगितलंस.) म्हणजे विंडोज साडेपाच तास मागे. लग्नाच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं, ताई खोलीत मशीनवर शेवटचा मोर उतरवतेय, संध्याकाळचा मुहूर्त, आणि बाराला निघायचा गजर लावलेला कुठे, तर कॉम्प्युटरवर. मध्येच कॉम्प्युटरकडे बघून मला म्हणाली, "आठच वाजलेत, मग एवढी भूक कशी लागली?" मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. दोघांनी पिठलं-भाकरीचा नाश्ता केला.

मग अंजलीच्या आईचा, मोहिनीबाईंचा फोन आला. ताई निवांतपणे म्हणाली, "अहो, बाराला निघते की." पलीकडून आवाज आला, "ताई, दोन वाजून गेले! पोरगी शाल पांघरून बसलीय, लय रडतीय."

पुढचं मी फार सांगत नाही. स्कूटर मी चालवली, ताई मागे ब्लाउज छातीशी धरून. जेल रोड, नांदूर नाका, आडगाव, मग हायवे. हॉलच्या दारात उतरली, आत पळाली, आणि हुक नवरीच्या अंगावरच शिवले. थोड्या वेळानं अंजली बाहेर आली. पाठीवरचे मोर बघायला बायकांनी वधूला उलटी फिरवली, नवरदेव तिकडे पाटावर एकटा. अंजली ताईच्या गळ्यात पडली, आणि ताईनं त्या गर्दीतून माझ्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती. मी तीनदा जिलेबी घेतली.

तर सारांश असा, की पुन्हा या घरात कोणाला काही सुचवायचं नाही. करंज्या खायच्या आणि पुण्याला जायचं.

तुझा (नाइलाजाने)
रावजी दाजी

ता. क. : जेवणाच्या पंगतीत मोहिनीबाईंचे दीर शेजारी होते. गावातली अभ्यासिका चालवतात. कॉम्प्युटर जुने झालेत म्हणून कुरकुरत होते. मी सहज म्हटलं, त्यात काय, दुसरी ड्राइव्ह बसवायची, लिनक्स टाकायचं, चहा पिऊन होईपर्यंत काम होतं. त्यांनी येत्या रविवारी सगळे कॉम्प्युटर माझ्यासाठी मोकळे ठेवलेत. फळ्यावर माझं नावही लिहिलंय, पुढे 'तज्ज्ञ' असं. तू शनिवारी रात्रीपर्यंत पोच. मीटिंग असेल तर ती मोड.

ता. क. २ : लोकांसमोर तू माझा मदतनीस आहेस. शिकाऊ.

ता. क. ३ : रवी, मी ताई. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहितेय. शनिवारी नको, शुक्रवारीच ये. सकाळपासून हे माझ्या भरतकामाच्या मशीनभोवती स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरतायत.