भावाच्या वाटणीचा बांध

बाबा, आज मी बी.ए. झाले. पनवेलच्या स्टँडवर उतरले आणि घरी न जाता थेट खाडीच्या बांधावर गेले. आपल्या घरात कुणी पदवीधर झालं की पहिल्यांदा तुला सांगायचं, असं मी पाचवीत ठरवलं होतं. तेव्हा तू होतास. पुढे तुरुंगात गेलास आणि तिथेच मेलास, त्यालाही कितीतरी पावसाळे झाले.

आपल्याकडे प्रत्येक घराने आपल्या वाटणीचा बांध राखायचा, म्हणजे भरतीचं खारं पाणी भातात शिरत नाही. तू मात्र काकाच्या वाटणीवर माती टाकत राहायचास. काका करंजा बंदरात बोटीवर कामाला गेला, हे तूच सगळ्यांना सांगितलं होतंस. "धाकट्याचं काम मी नाय करायचं तर कोनी?" म्हणायचास. काकी तुझ्या पाया पडायची. तेवढाच बांध सगळ्यांहून हातभर उंच झाला. एकदा मी तिथे बसून बोरं खात होते, तर "ऊठ तिथून!" म्हणून तू अशी थोबाडीत मारलीस की माझा ओठ फाटला. मग आपल्याच टॉवेलने रक्त पुसलंस आणि चिखलातून मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंस.

त्याच वर्षी उन्हाळ्यात खालच्या अंगाला बांध फुटला. सगळा गाव कामाला उतरला आहे, माती कमी पडते आहे. म्हातारा पंच म्हणतो, "याच्या भावाच्या बांधावर उगाच ढीग झालाय, तिथली काढा." तू धावत जाऊन ढिगावर आडवा पडतोस.

"का रं, सोनं पुरलंस का काय?" पंच विचारतो.

सगळे हसतात. आईसुद्धा हसते. मी भाकऱ्यांचं टोपलं घेऊन उभी.

"सोनं नाय," तू म्हणालास. "भाऊ हाय माजा."

मग तू बोलतच सुटलास. मासळी आत यावी म्हणून काकाने भरतीला बांधातलं लाकडी दार उचललं, पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात गेलं. तू जाब विचारलास, तो हसला. तू कुदळ घातलीस. तो लगेच पडला नाही; "दादा, दादा" करत तुझाच सदरा धरून उभा राहिला, आणि तू मारत राहिलास. पाण्याने तिथेच बांध फोडला होता. त्या भगदाडात त्याला घातलंस, वर माती ओढलीस. "माती टाकताना त्याचा हात हालला. अजून हालतो. म्हनून टाकतो माती." एवढं बोलून तू नखांनी खणायला लागलास. नखं उलटली तरी थांबला नाहीस. काकीने घमेलं तुझ्या डोक्यात घातलं, परत परत घातलं. तू डोकं पुढे करत होतास. "मार. आजून मार."

कॉलेजात मी सगळ्यांशी वाद घालायचे, की खरं बोलल्याशिवाय माणूस माणूस राहत नाही. मला ते मनापासून पटतं. तू बोललास म्हणूनच मी तुला बाबा म्हणू शकते.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. पण मला एक स्वप्न पडतं. पंच विचारतो, सगळे हसतात, आणि मी टोपलं धरून मनात म्हणते, हस ना, बाबा. तू हसतोस. आपण सगळे भाकरी खायला बसतो. त्या स्वप्नातून मला उठावंसं वाटत नाही.