विचारल्याशिवाय हात लावू नये

८ जानेवारी २०२५, बुधवार
शिबिरवाल्या अक्षता मॅडमचा मेसेज. १८-१९ तारखेला, शनिवार-रविवार, अंबड रोडवरच्या शाळेत शिबिर. दिव्यांग मुलं आणि त्यांचे भाऊ-बहीण, सगळ्यांनी एकत्र खेळायचं, एक मुक्काम. थोरला मुलगा कल्याण, त्याला आम्ही या शिबिराला तीनदा नेलं होतं. तो गेल्या जुलैत वारला. मॅडमनं लिहिलंय, तृप्तीला जरूर पाठवा, ती त्याची बहीण आहेच.
तृप्तीला विचारलं. लगेच हो म्हणाली. लक्षण चांगलं नाही. इतक्या पटकन हो म्हणणं म्हणजे मन दाबणं. सहा महिन्यांत पोरगी माझ्याशी भावाबद्दल एक शब्द बोललेली नाही. शिबिरात मी सोबत असलो तर मोकळी होईल.
ठराव: स्वयंसेवक म्हणून जायचं. मी स्वतः तसा सावरलोय.

९ जानेवारी
मॅडमचं उत्तर आलं. ‘सर, आधी पालक म्हणून या ना. पालकांचा गोल असतो, बसून बोलतात.’ बसून बोलणारे पुष्कळ मिळतात, उचलणारे मिळत नाहीत. आग्रह धरला. त्या ‘बरं’ म्हणाल्या. गरज असावी.

१२ जानेवारी, रविवार
नवीन स्वयंसेवकांसाठी मुद्दे काढले. व्हीलचेअर उतारावर कशी धरावी, उचलताना हात कुठं द्यावा, भरवताना मान कशी ठेवावी. एकवीस मुद्दे झाले. उद्या ऑफिसात वीस प्रती काढतो.
सुरेखा म्हणाली, “अहो, पोरगी दोन दिवस खेळायला चालली. तुम्ही कशाला मधी?” म्हणालो, व्यवस्था बघायला. म्हणाली, “व्यवस्था त्यायची हाय ना बराबर?” सुरेखाला नियोजनातलं फारसं कळत नाही.

१७ जानेवारी
तृप्ती म्हणाली, “पप्पा, तिथं माझ्या मागं मागं फिरू नका हं.” लाजते. कबूल केलं.

१८ जानेवारी, दुपारी २
माझ्याकडे चपला-बुटांची जबाबदारी. काही मुलांचे पट्ट्यांचे खास बूट असतात, ते वेगळे ठेवावे लागतात. कोणालाही देण्यासारखं काम नाही. मुद्द्यांच्या प्रती आतापर्यंत तीन गेल्या. एका प्रतीवर चिवडा दिसला.
व्हरांड्यात मोठा कागद लावलाय: ‘विचारल्याशिवाय कोणाच्या खुर्चीला हात लावू नये.’ नवीन लोकांसाठी ठीक आहे.
तृप्तीकडे अजिबात बघितलं नाही. फक्त दारातून चार-पाच वेळा. हसत होती. दाबतेय.

संध्याकाळी ६
मैदानावर जोडीची शर्यत झाली. एक जण खुर्चीत, एक पायी, दोघांनी एका ओढणीची दोन टोकं धरायची. खुर्ची ज्याची त्यानं स्वतः चालवायची. तृप्तीच्या जोडीला आकांक्षा नावाची मुलगी. दंड चांगले मजबूत. वळणावर माती भुसभुशीत होती, तिथं खुर्ची मंदावली. असं चाक रुततं आणि खुर्ची पुढं कलंडते, हे मला माहीत आहे. (मुद्दा क्र. ७.) हातातले बूट टाकून धावलो, मागून मुठी धरल्या आणि ढकललं.
आकांक्षा ओरडली, “ओ काका! सोडा, सोडा! मुद्दाम सावकाश वळून राह्यले मी!”
शिट्टी वाजली. जोडी बाद.
मी म्हणालो, बाळा, पडली असतीस. ती म्हणाली, “काय पडते! रोज अशाच मातीतून शाळेत जाते. बिलकुल पयला नंबर येत होता आमचा.” तिचा भाऊ म्हणाला, “दुसऱ्या टीमनं पाठवलं का काय ह्या काकाला?” सगळे हसले. मीही थोडा हसलो.
मॅडमनं बाजूला घेऊन सांगितलं, तो कागद सगळ्यांसाठी आहे. त्यांना म्हणालो, बघू.
नंतर तृप्ती चपला घ्यायला आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादाला पण तुम्ही कधी विचारलं न्हाई.”
म्हणजे भावाबद्दल बोलली. शिबिराचा उपयोग होतोय.

१९ जानेवारी
पाठ धरली होती, म्हणून कालच संध्याकाळी घरी आलो. मॅडमनं अडवलं नाही. तृप्ती आज आकांक्षाच्या घरच्यांच्या गाडीतून आली. कसं झालं विचारलं. “मस्त.” आत गेली. तिच्या आईशी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होती. मी गेल्यावर दोघी पोळ्यांबद्दल बोलू लागल्या.

२ फेब्रुवारी
ठराव: या महिन्यात १५-१६ ला पुढचं शिबिर आहे, त्याला मी जाणार नाही. मुलीनं स्वतंत्र व्हावं. हा निर्णय पूर्णपणे माझा आहे. फॉर्म तिनं आधीच स्वतः भरून पाठवलाय असं कळलं.

१० फेब्रुवारी
मॅडमचा फोन. रविवारी पालकांच्या गोलात बसा म्हणाल्या. ऑफिसचं काम सांगितलं. “रविवारी?” म्हणाल्या. सापडलो.
तृप्तीला विचारलं, येऊ का? विचार करून म्हणाली, “बसूनच राहणार असाल तर या.”

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
गोलात बारा जण होते. अनुभवाचे निवडक पाच मुद्दे बोलायचं ठरवून गेलो होतो. सुरुवातीला फक्त स्वतःचं नाव, मुलाचं नाव आणि वय सांगायचं होतं. माझी पाळी आली. माझं नाव सांगितलं. कल्याण म्हणालो. वय चौदा म्हणावं की पंधरा, ठरेना. ऑक्टोबरात वाढदिवस येऊन गेला. शेजारच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्यालो आणि पाळी त्यांच्यावर गेली. मुद्दे राहिले.
येताना तृप्ती मोटारसायकलवर मागं बसली होती. म्हणाली, “काय बोलले तुम्ही?” सांगितलं, वयात जरा गोंधळ झाला.
चौक आला. मग म्हणाली, “तो चौदाचाच राहतो, पप्पा. जूनमधी मी पण चौदाची होते. पुढच्या जूनला त्याच्याहून मोठी.” पुढं म्हणाली, “तवा दादा म्हणायचं का न्हाई त्याला?”
सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मला त्याच्याबद्दल काही विचारलं. पण गाडी चालवताना बोलू नये. घरी पोचल्यावर नीट सांगू, असं ठरवलं. गाडी स्टँडवर लावेपर्यंत ती आत गेली होती.