पडद्यावरचं कन्यादान

देवपूर, धुळे
आषाढ, १९४१

मंजुळाच्या वडिलांना,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं, तर तुम्ही उलट टपाली एवढंच विचाराल, की माझं काम कसं वठलं?

छान वठलं.

मंजुळाच्या लग्नाला तुमची तार आली, शूटिंग आहे म्हणून. कन्यादानाला जोडपंच लागतं, तेव्हा मगनभाऊजी आणि जाऊबाई पाटावर बसले. मी मुलीची आई, कपाळभर कुंकू लावून मांडवाच्या खांबाशी उभी.

आता मंजुळा आषाढाची माहेरी आली आहे. काल तिला घेऊन तुमचा नवा बोलपट बघायला गेले. नाटक कंपनीत होतात तेव्हापासून केसांना पावडर फासून तुम्ही म्हातारेच होत आलात. किती परक्या पोरींचे बाप झालात! इथंही बापच. मुलीच्या लग्नात पाटावर बसलात, शेजारी कोणी दुसरीच बाई. हातावर पाणी सोडताना तुमची हनुवटी अशी थरथरली, की सगळं थेटर मुसमुसू लागलं. शेजारची कमलबाई ओरडली, "बाई वं, हाऊ ते मंजुळाना बाप शे!"

मी नाही रडले. रडायचं होतं ते मांडवातच झालं.

मग ती पोर सासरी निघाली आणि तुम्ही आशीर्वादाला हात उचललात. अंधारात माझ्या शेजारी मंजुळानं डोक्यावर पदर घेतला, आणि मान खाली वाकवली.

मंजुळाची आई