बर्फाखालचं हजारपानी

१४ सप्टेंबर
तळं बुजवायचं नाही म्हणजे नाही! नणंदबाई, वाल्ट्राउट, आज पुन्हा कुंपणाशी उभ्या. "योखेन गेला, इर्मेला. आता त्या डबक्यात काय ठेवलंय? बुजव आणि बटाटे लाव." स्वतःच्या भावाचं तळं, आणि म्हणे डबकं! बाग दोघींच्या नावावर, म्हणून ऐकून घेते. शेवटी ठरलं — मेपर्यंत पाण्यात हिरवं दिसलं तर तळं राहील.

मासे योखेनने हाताने भरवून वाढवलेले. पाण्याखाली झाडं असतील तरच ते हिवाळा काढतील.

१५ सप्टेंबर
रोपवाटिकेतला म्हणाला, "पाण्याखाली वाढणारी ही पाणपीडा न्या. मरता मरत नाही. फक्त सगळं तळं गिळते." नको रे बाबा! हजारपानी घेतलं. पिसासारखी पानं, आणि इथल्याच थंडीतलं.

२८ ऑक्टोबर
हजारपानी काळं पडलं, बुळबुळीत झालं. मी तळ खरवडून सगळं खताच्या ढिगावर टाकलं. हिवाळ्याआधी बाग लख्ख नको का? शेजारच्या एगोनने कपाळावर हात मारला. "अगं बाई, शेंड्याच्या गाठी पण फेकल्यास? त्यातच तर पुढच्या वर्षीचं झाड असतं!"

ढीग उपसला. घट्ट मिटलेल्या हिरव्या मुठी निघाल्या! पान न् पान आत दुमडलेलं. झाड मरायच्या आधी स्वतःचीच घडी घालून तळाशी ठेवतं — हे त्याला कुणी शिकवलं? चिखलात फतकल मारून बघत राहिले. मग एकेक पाण्यात सोडली.

९ डिसेंबर
तळं गोठलं.

११ जानेवारी
घसरले, पाय मोडला. एगोनने बजावलं होतं — बर्फावर साचलेलं हिम झाडत राहा. खाली उजेड गेला नाही तर पाण्यात प्राणवायू तयार होणार नाही, मासे गुदमरतील. बाहेर भुरभुर चालूच आहे. रडू आलं.

१९ एप्रिल
कुबडी टेकत गेले. बघायचा धीर होईना.

मुठी उघडल्यात! खालून वर येतायत, कोवळ्या, लुसलुशीत, आणि मधून योखेनचे मासे! एवढ्या थंडीतून, एवढ्या अंधारातून... हात जोडले गेले. कुणाला, कोण जाणे.

२० एप्रिल
एगोनला म्हटलं, हिम झाडलंस, फार उपकार झाले. तो म्हणाला, "मी कुठे? तुझी नणंद यायची रोज. झाडून झालं की बर्फावर ओणवी व्हायची आणि विचारायची, 'योखेन, आता दिसतंय ना रे?'"