दुसऱ्या दिवशीचा अंक

१२ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

घराण्याच्या इतिहासासाठी पाठवलेलं थोरल्या आत्याच्या निधनवार्तेचं कात्रण मिळालं. एक्केचाळीस वर्षं जपलंत. काकूच्या मते तुम्हाला चष्माही दिवसभर जपता येत नाही.

जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करणं हे माझं काम. त्यात पुढच्या दिवशीचा अंक बघायची खोड लागते, कारण चुकांची दुरुस्ती तिथे येते. पान सहा, अगदी तळाशी, आत्याचाच खुलासा आहे: माझ्या निधनाचं वृत्त निराधार असून टंकलेखनाचे वर्ग नेहमीच्या वेळी भरतील. खाली पत्ताही आहे.

वंशवृक्षात काय लिहू?

शंकेखोर पुतणीवर राग नसावा.

१९ जून

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

तुला तुझ्या आजोबांच्या सत्काराची बातमी शोधायला सांगितली होती, मढी उकरायला नाही. ताईने मनाविरुद्ध लग्न केलं. ती आपल्याला मेली, असं बाबा म्हणाले आणि मजकूर लिहून दिला. मी फक्त कचेरीत पोचवला. काकूला यातलं काही ठाऊक नाही. पुस्तक छपाईला चाललंय. 'अकाली निधन' तसंच राहू दे. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

काकाचा आशीर्वाद, गप्प राहिलीस तर दुप्पट.

२७ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

'अकाली' मान्य. फारच अकाली.

रविवारी त्या पत्त्यावर गेले. दार आत्यानेच उघडलं. आजोबांनी मजकूर लिहिल्याचं तुमचं म्हणणं सांगितलं, तर ती हसली. तेव्हा कचेरीत भांडून तिने मूळ कागद मिळवला होता, तो दाखवला. अक्षर तुमचं आहे, काका. 'माझी लाडकी ताई' असं लिहून आजोबांच्या शाईने खोडलंय. खोडलेलं सहज वाचता येतं. ती म्हणाली, तेवढ्यासाठीच ठेवलाय.

पुस्तकाची मुद्रितं ती स्वतः तपासणार आहे. दहा जुलैला येईल. काकूला आधी सांगा, नाहीतर दारात किंचाळेल.

दुप्पट आशीर्वाद बुडाले, हे समजून,
तुमची पुतणी

२९ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. छपाई थांबवलीय. दहा तारीख लांब आहे, आधीच ये. काय बोलायचं ते तोंडावर बोल; यावेळी खुलासा छापू नकोस.

लोभ मागायला तोंड नाही. पण ये.

तुझा धाकटा