ताईची खुर्ची आणि वाघिणीची वाट

वनचौकी,
४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न., आणि त्यातला निम्मा भावोजींना पोहोचव.

तुझं पत्र मिळालं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दोन ओळी आणि माझ्या अक्कलदाढेची दीड पान. दाढ जागेवर आहे, दुखत नाही, आणि तुझा दवाखाना इथून बसने तीन तासांवर आहे म्हणूनच ती जागेवर आहे. ह्या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

आता कामाचं बोलतो. आमच्या जंगलाच्या मधून जो रस्ता तुमच्या गावाकडे जातो, तो चौपदरी होणार आहे. दोन्ही बाजूंना छातीएवढी भिंत. ह्या जंगलातून पलीकडच्या मोठ्या जंगलात जायला वाघांना एवढीच एक पट्टी आहे, आणि नेमकी तीच मधोमध कापली जाणार. गेल्या महिन्यात दोन वर्षांचा एक नर इथं मालट्रकखाली गेला. आईला सोडून स्वतःची जागा शोधायला निघाला होता, पहिलाच प्रवास. पंचनाम्याला मी होतो. त्याचा जबडा उघडा होता. ताई, त्याचे सुळे तू बघायला हवे होतेस. एकही झिजलेला नव्हता. मला एकदम तुझी आठवण आली आणि मी बाजूला जाऊन उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

त्याची आई अजून इथंच आहे. आम्ही तिला मास्तरीण म्हणतो, कारण ती वेळेवर येते, सरळ रेषेत चालते आणि आमच्याकडे बघतसुद्धा नाही. ह्या खेपेला तिच्यामागे दोन पिल्लं आहेत. दीड-दोन वर्षांत तीही ह्याच वाटेला लागतील.

रस्त्याखालून दोन भुयारी वाटा ठेवा, एवढीच मागणी आहे. आमच्या साहेबांनी अहवाल दिला, तो फायलीत आडवा पडलाय. वीस मार्चला तुमच्या गावी सुनावणी आहे. मी सरकारी नोकर, मला तिथं तोंड उघडता येत नाही. तू सह्या जमव आणि चार शब्द बोल. गावातल्या अर्ध्या माणसांचे दात तुझ्या हातात आहेत.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवायची असेल तर माझी हरकत नाही.

तुझा,
भोंगा

———

दवाखाना,
१३ जानेवारी

चि. भोंग्यास,

अ. उ. आ. कमी पडले तर कळव.

ज्या मुलाच्या रडण्याने तीन घरं पलीकडची माणसं उठून बसायची आणि ज्याचं नाव म्हणूनच भोंगा पडलं, त्याला आता तोंड उघडता येत नाही, हे वाचून मला भारी गंमत वाटली. भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पगार बरा देतात वाटतं.

आता खरं सांगते. सह्या जमवीन, पण भाषण माझ्याच्याने होणार नाही. तुला वाटतं मी फार बोलते. बोलते रे, पण कुणाशी? ज्याचं तोंड उघडं आहे, त्यात माझा आरसा आहे आणि ज्याला उत्तर देता येत नाही, अशाच माणसाशी मी तीस वर्षं बोलत आले. तोंड मिटलेली चार माणसं समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आमच्या संघटनेच्या सभेत मला आभार मानायला उभं केलं होतं. मी अध्यक्षांचे आभार मानायचे सोडून त्यांना चूळ भरायला सांगितलं.

तरी त्या पोराच्या सुळ्यांचं वाचल्यापासून चैन नाही. तू असं कर, मास्तरणीचा एक फोटो पाठव. चेहरा दिसायला हवा, आणि जमलं तर दातही. जांभई देताना मिळाला तर उत्तम.

दाढेबद्दल मी लिहिणार नव्हते, म्हणून फक्त विचारते, ती गार पाण्याने ठणकते का?

भांडण चालू राहो,
ताई

———

वनचौकी,
२२ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. घाईत, पण मनापासून.

सोबत फोटो आहे. झाडाला बांधलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने काढलाय. जांभईच मिळाली. मोजून बघ, वाघाला तीसच दात असतात, आपल्याहून दोन कमी. म्हणजे तुझ्या धंद्यात तो तोट्याचं गिऱ्हाईक. डाव्या गालावरचे पट्टे नीट बघ. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. आम्ही त्यावरूनच ओळखतो.

त्याच कॅमेऱ्यात माझाही एक फोटो आलाय. पाठ खाजवताना. तो पाठवत नाही.

गार पाण्याने काही होत नाही. गरम चहाने होतं.

भोंगा

———

दवाखाना,
११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

अ. उ. आ. आणि शाबासकी, माझी मलाच.

फोटो मोठा करून घेतला आणि कुठं लावला असेल सांग? भिंतीवर नाही. भिंतीकडे कोण बघतं! बरोबर खुर्चीच्या वर, छताला. पेशंट मागे रेलला की दिवा जरा बाजूला सरकवायचा, की वर मास्तरीण, जबडा सताड उघडा. भावोजी शिडी धरून उभे होते आणि म्हणत होते, ह्यानं पेशंट पळतील. एकही पळाला नाही. उलट एक आजोबा म्हणाले, हिच्यापुढं माझं तोंड अगदीच बापुडवाणं आहे, तुम्ही करा काय करायचं ते.

मग मी सुरू करते. तुझी सगळी माहिती पाठ झालीय. दाढ खोदताना मी मास्तरीण कुठून कुठं जाते ते सांगते, आणि मुळापर्यंत पोहोचले की त्या मालट्रकचं. पेशंटच्या डोळ्यांत पाणी येतं. ते कशानं येतं हे मी विचारत नाही.

आणि सह्या! दोन आठवड्यांत एकशे चाळीस. माझी मदतनीस बाई कागद पेशंटच्या छातीवर ठेवते, मी एका हाताने आरसा धरते आणि दुसऱ्या हाताने पेन देते. बधिर केलेला माणूस फार समजूतदार असतो रे. एकानंही नाही म्हटलेलं नाही. म्हणता येतच नाही.

गरम चहाने ठणकते म्हणजे नसेपर्यंत गेलंय. ये म्हणते म्हणून ये.

तुझी (सध्या विजयी),
ताई

———

वनचौकी,
२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न., पण ह्या वेळी जरा रागानं.

तुझं पत्र वाचून हसलो, आणि मग हसू थांबलं. छताचा फोटो लाख मोलाचा. पण तोंड बधिर करून, हातात पेन देऊन घेतलेली सही ही सही नाही, ताई. सुनावणीत एकाने जरी उठून सांगितलं की माझ्या तोंडात सुई असताना सही घेतली, तर आपला अख्खा गठ्ठा कचऱ्यात जाईल, आणि त्याच्याबरोबर मास्तरणीची वाटही. तुमचे नगराध्यक्ष हेच शोधत बसले असणार. चौपदरी रस्ता त्यांनी गावाला कबूल केलाय, भुयारी वाट म्हटलं की काम लांबतं.

शिवाय मला ते आवडलंही नाही. ज्याला नको म्हणता येत नाही, अशा जिवाच्या बाजूने आपण उभे आहोत ना? मग तुझ्या खुर्चीतल्या माणसालाही नको म्हणता आलं पाहिजे.

लहान तोंडी फार बोललो. रागावलीस तर रागाव, पण उत्तर दे.

भोंगा

———

दवाखाना,
२३ मार्च

चि. भोंग्यास,

अ. उ. आ.

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण पहिले चार दिवस मी रुसले होते आणि नंतर वेळ नव्हता. तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, परत मिळणार नाही.

रुसवा गेला त्याच दिवशी मी त्या एकशे चाळीस सह्या फाडल्या. मदतनीस बाई हळहळली, तिने कागदांना छान शिवण घातली होती. मग एकेकाला फोन केला. म्हटलं, तुमची सही मी चुकीच्या वेळी घेतली, ती रद्द केलीय. पटत असेल तर तोंड ठिकाणावर असताना येऊन करा, नसेल तर दात तेवढेच नीट बघीन. मला वाटलं वीसेक येतील. एकशे सव्वीस आले! ते आजोबा तर नातवंडांना घेऊन आले. नातवंडांना सही करता येत नव्हती, पण छताखाली आडवं होऊन बघायचं होतं. नंतरचे कागद बाहेर दाराशी ठेवले, सुनावणीपर्यंत सह्या सहाशे अकरा झाल्या.

आता एकोणीस तारखेचं ऐक. दुपारी बारा वाजता दवाखान्यात कोण यावं? नगराध्यक्ष. गाल टोमॅटोएवढा. दुसऱ्या दिवशी सुनावणी आणि आज दाढेनं दगा दिलेला. मदतनीस बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू देवानंच पार्सल पाठवलंय. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात नको ते आलं. सुई माझ्या हातात होती.

पण तुझं पत्र टेबलाच्या खणात होतं. मी त्यांना वाघाचा व सुद्धा ऐकवला नाही. पाऊण तास मी गप्प बसून दाढ साफ केली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मदतनीस बाईला वाटलं मला बरं नाही. छताचा फोटो उतरवायचं मनात आलं होतं, पण शिडी भावोजी घरी घेऊन गेले होते, त्याला मी काय करू? त्यामुळे ते पाऊण तास वर बघत होते आणि मास्तरीण खाली. शेवटी ते बधिर तोंडाने काहीतरी पुटपुटले. मला कळेना. मी पाटी-पेन्सिल दिली. त्यांनी लिहिलं, हिला पोरं किती? मी सांगितलं, दोन, आणि एक होता. त्यांनी चूळ भरली आणि गेले.

सुनावणीला सभागृह भरलेलं. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, समोर तीनशे माणसं, सगळी तोंडं मिटलेली. भोंग्या, मला काही आठवेना. कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोनदा घसा खाकरला. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, आ करा.

आणि त्यांनी केला! माझे सगळे पेशंट, निम्मं सभागृह, एका झटक्यात आ! पहिल्या रांगेतले आजोबा तर कवळी काढायला निघाले. मग जे हसू फुटलं ते थांबेना. साहेबसुद्धा हसले. त्या हसण्यात माझी जीभ सुटली. मी तुझ्या त्या नराबद्दल बोलले. म्हटलं, त्याचे सुळे कोरे करकरीत होते, त्यानं ते वापरलेच नव्हते. मी पेशंटला सांगते तसंच सांगितलं, की दुखणं आज छोटं आहे, आज केलं तर वाचेल, उद्या काढून टाकावं लागेल.

नगराध्यक्षांचं भाषण आमच्या विरुद्ध लिहून तयार होतं, कारकून वाचणार होता, कारण त्यांचा गाल अजून सुजलेला. त्यांनी कारकुनाच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. म्हणाले, की रस्ता मला हवाच आहे, पण वाट ठेवा. एवढंच, तेही अर्ध्या तोंडाने. आपल्या बाजूला झाले असं मी म्हणणार नाही. दोन वाटा मागितल्या होत्या, एकच मिळाली. दुसऱ्या जागी नुसते गतिरोधक. मी घरी येऊन थोडी रडले. दुसरीसाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे, भावोजी आत्तापासून शिडी शोधताहेत.

दाढ घेऊन ये. ह्या खेपेला मी वाघाबद्दल बोलणार नाही, तू बोल. अर्थात बोलता आलं तर.

माझा लोभ तुला ठाऊक आहे,
ताई

———

वनचौकी,
१७ डिसेंबर, पुढच्या वर्षीचा

ती. ताईस,

सा. न. आणि आज मुद्दाम वाकून.

दाढ काढल्यापासून चहा गरम पितो. एवढं मान्य करून पुढं जातो.

वाट तयार होऊन पाच महिने झाले. तुला मी मुद्दामच काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. कॅमेऱ्यात पहिल्या महिन्यात साळिंदर आलं. मग कोल्हा, मग रानडुकरांचं अख्खं कुटुंब, मग कुणाचा तरी चुकलेला बकरा. ठेकेदाराचा कुत्रा रोज यायचा आणि कॅमेऱ्यासमोर बसून जांभया द्यायचा. मास्तरीण एकदा वाटेच्या तोंडापर्यंत आली, वास घेतला आणि परत फिरली. वरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज तिला नको असणार. आमचे साहेब म्हणायला लागले, की तुझ्या ताईने वाघांची नाही, कुत्र्यांची वाट बांधून घेतली.

गेल्या बुधवारी सकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी तो होता. मास्तरणीच्या दोन पिल्लांतला नर. आता पिल्लू म्हणणं बरोबर नाही, खांदे बघितलेस तर तूही दचकशील. एका फोटोत तो वाटेच्या तोंडाशी उभा, एका फोटोत मधोमध, डोकं खाली घालून. तिसऱ्या फोटोत नुसती शेपटी.

ताई, तो परत आलेला नाही. आठ दिवस मी पलीकडचे ठसे बघतोय. एकाच दिशेचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी त्याला आईच्या पोटाखाली लपताना बघितलंय, पाण्यात पाय घालायला घाबरायचा. आता तो माझ्या हद्दीतून बाहेर गेला आणि मला तो पुन्हा दिसणार नाही. आपण ह्यासाठीच तर सगळं केलं. तरी दोन दिवस मी उगाच त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन बसत होतो.

शेवटी काल न राहवून पलीकडच्या जंगलातल्या चौकीला वायरलेस लावला. तिथल्या रक्षकाला मी कधी भेटलेलो नाही. त्याला म्हटलं, आमचा पोरगा तुमच्याकडे निघालाय, डाव्या गालावर असे असे पट्टे आहेत, जरा लक्ष ठेवा. तो म्हणाला, कोण, तो नवा? तो रविवारीच पोहोचला. सांबर मारून नदीकाठी जेवला आणि आत्ता आमच्याच रस्त्यावर आडवा झोपलाय, जीप अडकून पडलीय, तुमच्या पोराला जरा वळण लावायचं होतं.

मी वायरलेस ठेवला आणि भोंगा काढला, ताई. अगदी तीन घरं पलीकडे ऐकू जाईल असा. इथं पलीकडे घर नाही म्हणून बरं.

तुझ्या मायेला जागणारा,
भोंगा